बार्शी लाइटच्या शेपटाला अमेरिकेचा डबा?

१/ बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. शेजारच्या बार्शीत मात्र १८९७ पासूनच अरुंद रुळांवर ‘बार्शी लाइट रेल्वे’ धावत होती. तिची लघुप्रतिकृती उभारताना शेवटी अमेरिकेचा ‘कबूज’ जोडणे ही हौस नव्हे. ती इतिहासाशी प्रतारणा आहे.

२/ प्रथम माप पाहावे. बार्शी लाइटच्या रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कोलोरॅडोच्या ख्यातनाम अरुंदमापी गाड्यांचे ३ फूट, म्हणजे ९१४. १:८७ या प्रमाणात पहिले पावणेनऊ मिलिमीटर भरते, तर दुसरे साडेदहा.

३/ मग काम पाहावे. कबूज म्हणजे लांबच्या प्रवासातील कर्मचाऱ्यांचे फिरते बिऱ्हाड: आत शेगडी, झोपण्याचे बाक आणि अनेकदा छपरावर टेहळणीचा मनोरा. आपल्याकडील ब्रेकव्हॅन हा गार्डचा डबा. हातब्रेक, हिरवी-लाल निशाणे आणि पाठीमागे लाल दिवा एवढाच त्याचा संसार. मनोरा चढवला की गार्डचा सारा दिनक्रमच खोटा ठरतो.

४/ बार्शी लाइट ही कुणाची नक्कल नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने प्रत्येक आसावरील भार ५ टनांत बसवून इंजिने आणि डबे यांचा एकत्रित विचार केला. हलक्या रुळांवर जड माल वाहण्याची ही युक्ती होती. अशा गाडीला परका डबा लावणे म्हणजे तिचा मूळ विचारच पुसणे.

५/ म्हणून आधी साल ठरवावे, मग डबा. लातूरपर्यंतची गाडी दाखवायची तर काळ १९११ नंतरचा हवा. १ जानेवारी १९५४ पूर्वीच्या डब्यावर कंपनीचे नाव शोभेल. त्यानंतर कारभार मध्य रेल्वेकडे गेला. त्याच सालाचे छायाचित्र समोर ठेवूनच खिडक्या, दारे आणि रंग निश्चित करावेत.

६/ ‘खेळण्यात एवढा काटेकोरपणा कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. किल्ल्याच्या प्रतिकृतीत रायगडावर युरोपीय बुरूज चढवले, तर हेच आक्षेपक खवळून उठतील. मग रेल्वेलाच वेगळा न्याय का?

७/ मूळचे अरुंद रूळ रुंदीकरणात गेले. पुढच्या पिढीला ती गाडी आता छायाचित्रांत, संग्रहालयांत आणि प्रतिकृतींतच भेटणार. शेवटचा डबा चुकला, तर तिच्या स्मरणात गार्डला जागाच उरणार नाही.