सल्ल्याची पत

भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले की फेकरीजवळ दीपनगरच्या उंच चिमण्या दिसू लागतात. रेल्वेने येणारा कोळसा, हतनूर धरणातून येणारे तापीचे पाणी आणि अहोरात्र फिरणारी जनित्रे यांभोवती ही वसाहत वाढली. २१० मेगावॅटच्या संचांवर उमेदवारी केलेल्या येथील कित्येक अभियंत्यांनी पुढे ५०० मेगावॅटचे संच सुरू होतानाही पाहिले. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि मंडळाचे कर्मचारी कंपनीचे कर्मचारी झाले. वयाच्या ५८ व्या वर्षी निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि वसाहतीतील घर रिकामे करण्याची तारीख ठरते. पदाचा अधिकार त्या दिवशी संपतो. बाष्पक, पंप, मोटार आणि काँप्रेसर यांच्याविषयीचे तीस-पस्तीस वर्षांचे ज्ञान मात्र त्या माणसाबरोबरच घरी येते.

दीपनगरपासून तासाभराच्या अंतरावर जळगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे डाळमिल आहेत, प्लास्टिकच्या चटया आणि पाइप तयार करणारे कारखाने आहेत. यांपैकी अनेक उद्योग व्यापारी घराण्यांचे आहेत. मालाची पारख, भावाची जाण आणि उधारीची शिस्त या तिन्ही गोष्टी त्या घरांत पिढीजात असतात. परंतु दरमहा येणाऱ्या वीजबिलाचे रकाने वाचणारा माणूस पेढीवर क्वचितच असतो. एकीकडे ज्ञान स्वस्थ बसलेले आणि दुसरीकडे त्याची गरज असलेला कारखाना, असे हे चित्र आहे. या दोहोंमध्ये जो पूल बांधता येतो, त्याचे नाव स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय. हीच गोष्ट पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत खरेदी, उत्पादन किंवा वित्त विभाग सांभाळून आपल्या गावी परतू पाहणाऱ्या मुलांनाही लागू आहे आणि लेकी-सुनांनाही.

खानदेशाला या वाटेचा एक जुना आणि मोठा दाखला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले आणि आरंभीच्या काळातच त्यांची नेमणूक धुळ्याला झाली. धुळ्यापासून दूर दातर्ती येथे पांझरेच्या पाण्यासाठी सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुरामुळे काम अवघड झाले, तेव्हा ते पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तरुण अभियंत्याचे मत त्यांना शिस्तीचा भंग वाटले. विश्वेश्वरय्यांनी मग जिद्दीने ते काम पार पाडले आणि नाव मिळविले.

पुढे खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांपर्यंत त्यांची कीर्ती गेली. तथापि त्या काळी इलाख्यातील मुख्य अभियंत्याचे पद भारतीय माणसाच्या वाट्याला येण्याची आशा नव्हती. सेवेची पंचवीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, १९०८ मध्ये, त्यांनी निवृत्ती घेतली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. निजाम सरकारने त्यांना बोलावले आणि १९०९ मध्ये ते विशेष सल्लागार अभियंता म्हणून तेथे गेले. त्यांनी पुराची कारणे तपासली, आकडे मांडले आणि नदीच्या वरच्या अंगाला जलाशय बांधावेत असा लेखी अहवाल दिला. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. अहवाल देणारा माणूस तोपर्यंत म्हैसूरचे दिवाणपद भूषवून त्यातूनही मोकळा झाला होता.

या दोन प्रसंगांतच नोकरी आणि सल्ला यांमधील अंतर दिसते. दातर्तीला जे मत आगळीक ठरले, तेच हैदराबादेत मागवून, मोबदला देऊन घेतले गेले. नोकरीत माणूस आज्ञेने काम करतो आणि मत राखून ठेवतो. सल्लागाराजवळ विकण्यासारखे मताखेरीज दुसरे काहीच नसते. म्हणून ते मत खरे असले पाहिजे, आकड्यांवर उभे असले पाहिजे आणि कोणाच्याही बाजूने झुकलेले नसले पाहिजे.

झुकण्याचा धोका मोठा आहे. व्यापाऱ्याला दलाल आणि आडत्या हे दोघेही परिचित आहेत. आडत्या आपली आडत हिशेबपट्टीवर उघड लिहितो, त्यामुळे त्याच्याविषयी कोणाला शंका नसते. सल्लागार जेव्हा कारखानदाराकडून शुल्क घेतो आणि त्याच वेळी यंत्र विकणाऱ्याकडून गुपचूप दलाली घेतो, तेव्हा त्याचा सल्ला विकला गेलेला असतो. अशी गोष्ट छोट्या शहरात फार काळ लपत नाही. कापडबाजारात एकदा हुंडी परतली की जी स्थिती होते, तीच त्या सल्लागाराची होते. विक्रेत्याकडून काही मिळणार असेल तर ते कारखानदाराला आधी लेखी सांगावे. त्याहून उत्तम म्हणजे घेऊच नये.

सल्ला आकड्यांवर उभा असणे म्हणजे काय, हे एका साध्या चाचणीवरून समजते. डाळमिलमधील सॉर्टेक्स यंत्राला दाबाची हवा लागते आणि ती काँप्रेसर पुरवितो. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवावीत आणि फक्त काँप्रेसर चालू करावा. हवा कोठेही वापरली जात नसताना तो २ मिनिटे भारावर आणि ६ मिनिटे भाराविना चालत असेल, तर २ भागिले ८ म्हणजे २५ टक्के हवा नळ्यांच्या सांध्यांतून गळत आहे. हवा भरण्यासाठी वीज जळते, म्हणजे गळते आहे ते वीजबिलच. दुसरे उदाहरण पॉवर फॅक्टरचे. १०० किलोवॅटचा भार ०.८० पॉवर फॅक्टरवर चालला तर तो १२५ केव्हीए घेतो. योग्य कपॅसिटर बसवून तो ०.९८ वर आणला तर सुमारे १०२ केव्हीए पुरतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल लागते, त्यामुळे हा फरक थेट रुपयांत उतरतो. दीपनगरच्या अभियंत्याला हे नित्याचे आहे. पेढीवर बसणाऱ्याला ते नवे असते. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानंतर स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोची प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास या ज्ञानाला अधिकृत शिक्काही मिळतो.

खरी अडचण येते ती शुल्काशी. नव्या सल्लागाराची जीभ आपले शुल्क सांगताना अडखळते आणि ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. दोघांनीही एक हिशेब मांडून पाहावा. समजा, नोकरीत वर्षाला १२ लाख रुपये मिळत होते. प्रवास, मोजमापाची उपकरणे, कार्यालय आणि स्वतःचा आरोग्य विमा यांचा खर्च ३ लाख धरला, तर १५ लाख उभे राहिले पाहिजेत. वर्षातील कामाचे दिवस सुमारे २४०. त्यांपैकी निम्मे दिवस कामे मिळविण्यात, प्रवासात आणि अहवाल लिहिण्यात जातात. उरले १२० दिवस. १५ लाखांना १२० ने भागले की दिवसाचे शुल्क १२,५०० रुपये होते. मुनीमाच्या पगाराशी या आकड्याची तुलना करणे चूक आहे. मुनीमाला भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि महिनाअखेरची निश्चिती असते. सल्लागाराला यांपैकी काहीही नसते.

शुल्क ठरले तरी ते वेळेवर हाती पडले पाहिजे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याचे संरक्षण सेवा देणाऱ्यांनाही आहे. सल्लागाराने उद्यम नोंदणी करून घ्यावी. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद झाली असून, मुदत उलटलेली अशी रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी ती खर्च म्हणून मान्य होते. मालाच्या देण्यांबाबत व्यापारी हा नियम आता जाणतात. सल्लागाराचे बिल मात्र अजूनही फडताळात पडून राहते. सल्लागारानेही आपली बाजू चोख ठेवावी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी आणि बिल काम संपताच द्यावे, सहा महिन्यांनी नव्हे.

नोकरी सोडण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. पहिली, किमान एक वर्षाचा घरखर्च बाजूला असावा. आणि गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर तोही त्यात धरावा. स्वतंत्र व्यावसायिकाला नवे कर्ज देताना बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागतात, म्हणून आरंभीच्या वर्षांत नव्या कर्जाच्या भरवशावर राहू नये. दुसरी, नियुक्तीपत्र पुन्हा वाचावे. नोकरीत असताना खासगी काम करण्यास बहुधा मनाई असते आणि ती पाळली पाहिजे. नोकरी सुटल्यावर आपला व्यवसाय करण्यास रोखणारी अट भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ नुसार सामान्यतः निरर्थक ठरते. परंतु जुन्या मालकाची गुपिते, ग्राहकांच्या याद्या आणि कागदपत्रे नेण्याची मुभा त्याने मिळत नाही. तिसरी गोष्ट घरच्यांची संमती. पहिल्या वर्षी पैसा अनियमित येतो. कधी दोन महिने काहीच येत नाही आणि मग एकाच आठवड्यात तीन बिले वसूल होतात. पगाराची सवय झालेल्या घराला हे आधी सांगितलेले असले तर चिंता होते, पण कलह होत नाही.

शेवटचा प्रश्न नात्यांचा आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारतो, "काकासाहेब, आमचे बिल जरा बघता का?" काकासाहेब बघतात. मग कारखान्यात बोलावणे येते, दिवस जातो, चहा-फराळ होतो आणि शुल्काचा विषय कोणीच काढत नाही. असे चार वेळा झाले की काकासाहेब पाचव्या वेळी येत नाहीत आणि नाते विनाकारण अवघडते. यावर व्यापारी रीतीचाच उपाय आहे. पहिली भेट आणि तोंडी बोलणे नात्याखातर विनामूल्य असावे. मोजमाप आणि लेखी अहवाल यांचे शुल्क आधी ठरवावे. सवलत द्यावीशी वाटली तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून तीतून सवलत वजा दाखवावी. कापडाच्या दुकानात नातलगाला सूट देतानाही मूळ भाव सांगितलाच जातो. त्यामुळे देणाऱ्याचा मान राहतो आणि घेणाऱ्याला मालाची किंमत कळते.

घरातील मुलगा किंवा सून मोठी नोकरी सोडून हा व्यवसाय करू म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांना ती बेकारी वाटते, कारण दुकान दिसत नाही, माल दिसत नाही, पाटी लावण्यासारखे काही दिसत नाही. या व्यवसायातील भांडवल अनुभव आहे आणि त्याची पत लेखी अहवालाच्या प्रत्येक पानागणिक वाढते किंवा घटते. ज्या पेढीच्या खतावणीत आडत, हमाली आणि तोलाई यांची वेगवेगळी खाती आहेत, तिने या वर्षी सल्ला-शुल्काचेही एक खाते उघडावे आणि वर्षअखेरीस त्याच्या शेजारी वीजबिलातील बचत मांडून पाहावी.