बुलेटची केबल मागवताना

मंडळी, गेल्या दिवाळीत या सदरात गाडी थंडीत कशी झाकून ठेवावी ते लिहिलं होतं. यंदा केबल. कारण तिकडून येणाऱ्या मामा-काकांना आपण हमखास सांगतो, "येताना नाना पेठेतून बुलेटची क्लच केबल टाका बॅगेत." मामा दुकानात जातात, दुकानदार विचारतो, "कुठलं मॉडेल?" आणि मामा आपल्याला फोन लावतात, तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजलेले असतात.

बुलेट १९७७ पासून मद्रासहून इकडे विलायतेत येते आहे. टाकी नि मडगार्ड बघून सगळ्या बहिणी-बहिणीच वाटतात. पण जुन्या कास्ट आयर्न इंजिनाला गिअरबॉक्स वेगळा, तर २००९ च्या क्लासिकमध्ये दोन्ही एकाच खोक्यात. म्हणजे क्लच केबल जिथे पोचायची ती जागाच बदलली. जुन्या गाडीला डीकॉम्प्रेसरची वेगळी केबल असते. नव्या इंजिनात ते काम आपोआप होतं. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तिथेही केबल नाही, तेलाची नळी.

बरं, नुसतं साल सांगूनही भागत नाही. इथल्या लॉगबुकावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, गाडी बनल्याची नव्हे. मामांना चासी नंबर आणि इंजिन नंबर कळवा. शिवाय आधीच्या मालकाने उंच हँडल किंवा दुसरा कार्ब्युरेटर बसवला असेल, तर कंपनीची यादी काहीही म्हणो, ती केबल पुरणार नाही.

म्हणून माझा भरवसा टेपवर. जुनी केबल काढून टेबलावर सरळ ठेवा. बाहेरच्या आवरणाची लांबी मोजा. मग आवरण एका टोकाला पूर्ण सरकवा आणि दुसऱ्या टोकाला आतली तार किती उघडी राहते ते मोजा. हा दुसरा आकडा लोक विसरतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. तार कमी उघडी राहिली तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, घसरतो, प्लेटा जळतात. जास्त राहिली तर लिव्हर मुठीला टेकली तरी क्लच सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. दोन्ही टोकांच्या निपलचा आकार आणि जाडी, ॲडजस्टर कुठे आहे, हेही बघा. फोटो टेपसकट पाठवा.

ॲक्सिलरेटरच्या केबलला मात्र "चालेल, बसतेय ना" हे बिलकुल चालणार नाही. बसवल्यावर गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. आवाज जरा जरी चढला तर केबल आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. ती गाडी वळणावर आपणहून पळेल. मूठ सोडल्यावर फटकन मागे आलीच पाहिजे. चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. वडिलांची जुनी बुलेट हौसेने आणून मुलाच्या हाती देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: ती तपासणारं दुसरं कोणी नाही.

आणि मामांना एकाऐवजी दोन क्लच केबल सांगा. दुसरी पहिलीच्या शेजारून नेऊन टेपने बांधून ठेवायची. रस्त्यात तुटली तर फक्त टोकं बदलायची.