मचाणावरील रात्र

ह्या पानावर आम्ही बहुधा घराच्या उंबरठ्याआंतल्याच गोष्टी लिहीत असतों, व तशाच लिहाव्या असें कांहीं वाचकांनीं पत्रें पाठवून कळविलेंहि आहे. ह्या महिन्यांत मात्र उंबरठा ओलांडण्याची परवानगी असावी. गेल्या वैशाखांत आम्ही चार दिवस मेळघाटाच्या रानांत राहून आलों, आणि त्यांतील एक अख्खी रात्र झाडावर बसून काढली. पासष्टी उलटलेल्या मनुष्यानें झाडावर कां चढावें, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतीनें निघण्यापूर्वीं तीन वेळां विचारला होता. त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं.

झालें असें. आमची थोरली नात महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकते. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं वनखातें रानांतल्या पाणवठ्यांवर मचाणें बांधून हौशी मंडळींस बसूं देतें व पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करवून घेतें. वैशाखांत ओढे आटलेले असतात, म्हणून जनावर उरल्यासुरल्या पाण्यावर यावयाचेंच; आणि चांदण्यामुळें दिव्याची गरज नाहीं. नातीनें संगणकावरून अर्ज केला, जागा मिळाली, आणि ऐन वेळीं तिच्या वडिलांस रजा मिळेना. बरोबर कोणी तरी हवें होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर सभा भरली.

सूनबाईंनीं मोबाइलवर चित्रें दाखविलीं. हल्लीं थंड हवेच्या ठिकाणीं झाडांवर खोल्या बांधून देतात. आंत पलंग, आरसा, स्नानगृह, सर्व कांहीं. "बाबा, झाडावर राहण्याची हौसच असेल तर अशी पुरवावी," असें त्यांचें म्हणणें. एका रात्रीचें भाडें आमच्या नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या वेतनाहून अधिक होतें. त्या खोल्यांवर आमचा राग नाहीं. परंतु ज्याला गरम पाण्याचा नळ आहे त्यास झाड म्हणावें किंवा कसें, हा व्याकरणाचा प्रश्न आहे. शेवटीं आम्हीच जावें असें ठरलें. आमच्या गुडघ्यांची चर्चा झाली, रक्तदाबाची झाली. कानांची गोष्ट कोणीं काढली नाहीं. कारण ती कोणास ठाऊक नव्हती, निदान आमची तशी समजूत होती.

वाचकांपासून आतां लपवून उपयोग नाहीं. चौतीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. शेवटच्या बाकावरच्या मुलानें 'ष'च्या जागीं 'श' म्हटला, तर फळ्याकडे तोंड असतांहि आम्हांस तो कळे, आणि त्याचा आम्हांस थोडा गर्वहि होता. गेलीं दोन-तीन वर्षें तेच ध्वनि आम्हांस सोडून चालले होते. कोणी बोललें तर आम्ही मान डोलवावी, चारचौघें हंसले तर हंसावें, असा क्रम चालला होता. घरांत नऊ माणसें. एवढ्या गलबल्यांत तें खपून जाई. सौभाग्यवतीस अलीकडे स्वयंपाकघरांत भांडीं आपटण्याची खोड लागली आहे, असें मात्र आमच्या मनांत येऊन गेलें होतें.

अमरावतीस उतरलों तेव्हां पारा 44 अंशांवर होता. परतवाडा सोडून गाडी घाट चढूं लागली तशी झळ कमी झाली. सागवान सगळें निष्पर्ण, जमिनीवर परातीएवढ्या पानांचा खच, आणि त्या करड्या डोंगरांत मध्येंच एखादा बहावा पिवळ्या घोसांनीं लगडलेला. चिखलदरा सुमारें 1,100 मीटर उंचीवर आहे. विदर्भासारख्या तापट मुलखांत इतक्या जवळ असा गारवा असावा, व येथें कॉफीचे मळे असावे, हें पाहिल्याखेरीज पटत नाहीं.

चिखलदरा हें 'कीचकदरा'चें रूप असें तेथें सांगतात. भीमानें कीचकास मारून ह्या दरींत टाकलें व भीमकुंडांत हात धुतले. जवळच्या उंच माथ्याला वैराट म्हणतात, म्हणजे विराटनगरीहि येथलीच. महाभारतांतील मत्स्यदेश विद्वान् लोक राजस्थानांत जयपूरजवळच्या बैराटकडे नेतात, हें आम्हीं नातीस सांगितलें. पण भीमकुंडाचा तो सरळ तुटलेला कडा पाहिल्यावर फार वाद घालावासा वाटला नाहीं. गावीलगडावर एक सकाळ गेली. नागपूरकर भोंसल्यांचा हा बळकट किल्ला वेलस्लीच्या इंग्रज फौजेनें 15 डिसेंबर 1803 रोजीं घेतला, किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां पडला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. आज तटावरून गवत डुलतें आणि बुरुजांवर वानरांचें राज्य आहे. आमचे गुडघे ह्या गडावर बरेच बोलले. तें मात्र स्पष्ट ऐकूं आलें.

त्याच संध्याकाळीं पंचबोल म्हणून एक जागा आहे तेथें गेलों. समोर एकामागें एक डोंगरांच्या घड्या. हांक मारली कीं ती पांच वेळां परत येते, म्हणून पंचबोल. नातीनें दोन्हीं हात तोंडाशीं धरून "आजोबा!" अशी हांक मारली. भोंवतालचीं मुलें बोटांवर मोजूं लागलीं. आम्हांस तिची हांक ऐकूं आली, आणि मग दरीकडून एकदां कांहीं तरी आल्यासारखें वाटलें. पुढें वारा होता. "किती आजोबा?" तिनें विचारलें. "पांच," आम्ही म्हणालों, "नांवच पंचबोल आहे." ती हंसली. आम्ही दरीकडे पाहत उभे राहिलों. शाळेंत उत्तराची चोरी करणाऱ्या कितीएक मुलांना आम्हीं बाकावर उभें केलें होतें, तें आठवलें.

तिसऱ्या दिवशीं रानांत उतरून कोलकासच्या विश्रामगृहांत मुक्काम केला. खालीं सिपना नदी वळण घेते. उन्हाळ्यांत तिचे नुसते डोह राहतात. दुसऱ्या रात्रीं आमच्याबरोबर मचाणावर बसावयाचा वनमजूर तेथेंच भेटला. चाळिशींतला कोरकू गृहस्थ, बोलणें थोडें. 'सिपना' म्हणजे काय असें विचारतां त्यानें सागाच्या झाडाकडे बोट दाखविलें. कोरकूंत सागालाच सिपना म्हणतात. ही भाषा संस्कृतापासून निघालेली नाहीं व द्राविडी कुळांतलीहि नव्हे. तिचे सोयरे दूर पूर्वेकडचे, संथाळी वगैरे मुंडा भाषा. त्या कुळाची ही सर्वांत पश्चिमेकडची शाखा. आम्हीं आयुष्यभर धातुरूपें घोकविलीं, आणि आपल्याच प्रांतांत एक निराळें भाषाकुळ नांदत आहे, हें मुलांना एकदांहि सांगितलें नाहीं.

1973 सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां देशांतल्या पहिल्या नऊ रानांत मेळघाट होतें. वाघांकरितां आंतलीं कांहीं गांवें पुढें उठविण्यांत आलीं. बोरी, कोहा, कुंड हीं त्यांतलीं पहिलीं. आमच्या सोबत्याचें गांवहि असेंच उठून सपाटीवर गेलें आहे. तेथें सोय कशी आहे असें विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, सडक आहे, दवाखाना जवळ आहे, शाळा आहे. पण माय रात्रीं झोपत नाहीं. खालीं गाड्यांचा आवाज रात्रभर. ती म्हणते, रानांत कोण चाललें तें ऐकूं येत होतें, आतां कांहींच ऐकूं येत नाहीं." आम्ही गप्प राहिलों. वाघाची बाजू आम्हांस कळते. रान मोकळें झाल्यावर गवत आणि हरणें वाढतात, हेंहि खरें आहे. पण त्या म्हातारीची बाजू आम्हांस त्या क्षणीं अधिक कळली, आणि कां कळली तें बरोबरच्या कोणास सांगण्यासारखें नव्हतें.

पौर्णिमेला दुपारीं चारच्या सुमारास मचाणावर चढलों. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत एक डबकें, त्याच्या कांठीं अर्जुनाचें मोठें झाड, त्यावर फळ्यांचा बांधलेला ओटा व शिडी. कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर-तेल वर्ज्य, बोलणें वर्ज्य. हातांत एक तक्ता दिलेला: वेळ, प्राणी, संख्या, नर किंवा मादी. वाघांची खरी शिरगणती आतां ह्या तक्त्यावर होत नाहीं; पूर्वीं पावलांच्या ठशांवरून होत असे, आणि 2006 पासून रानांत लावलेल्या कॅमेऱ्यांतून एकेका वाघाचे पट्टे ओळखून होते. ही रात्र लोकांना रानाची ओळख व्हावी म्हणून. पण तक्ता हातीं आला कीं मास्तराला परीक्षेची शिस्त आठवते. आम्हीं पेन्सिलीला टोंक काढून ठेवलें.

सूर्य मावळला आणि समोरून चंद्र वर आला. आधीं मोर पाण्यावर येऊन गेले, मग रानडुकरांचा कबिला. साडेनऊच्या सुमारास पलीकडच्या कांठावर एक काळा गोळा हलतांना आम्हांस प्रथम दिसला. अस्वल! आम्हीं नातीचा खांदा दाबला; तिला तें कांहीं वेळ दिसेना. डोळे अजून शाबूत आहेत ह्याचा आम्हांस फार आनंद झाला. अस्वलानें मनसोक्त पाणी प्यालें, तोंड झटकलें, आणि वृद्ध हेडमास्तराच्या चालीनें निघून गेलें.

त्यानंतरची गोष्ट. सोबत्यानें एकाएकीं बोट वर केलें. नात ताठ झाली. दोघांचीहि तोंडें एकाच दिशेस वळलीं, म्हणून आम्हींहि वळविलें. चांदण्याखेरीज तेथें कांहीं नव्हतें. नात आमच्या कानाशीं येऊन कांहीं कुजबुजली. आम्हीं मान डोलविली. ती पुन्हा कुजबुजली. आम्हीं पुन्हा मान डोलविली. मग ती दूर सरली आणि आमच्या तोंडाकडे टक लावून पाहूं लागली. तिनें विचारलें होतें, तें नंतर कळलें: "आजोबा, घोंगडी देऊं, कीं पाणी?"

तिनें वही काढली. पूर्ण चांदण्यांत मोठीं अक्षरें वाचतां येतात. तिनें लिहिलें, "ऐकूं येत नाहीं?"

पंचबोलावर दिलें तसें उत्तर येथेंहि देतां आलें असतें. पण बोलण्याची मनाई होती, मान डोलविण्याची सोय आम्हीं नुकतीच घालवून बसलों होतों, आणि हातांत टोंक काढलेली पेन्सिल होती. आम्हीं लिहिलें, "नाहीं."

ती कांहीं बोलली नाहीं. बोलतां येतच नव्हतें, हें फार बरें झालें. थोड्या वेळानें तिनें आमचा उजवा तळहात आपल्या हातांत घेतला व वहींत लिहून दाखविलें: एक टिचकी म्हणजे सांबराचा इशारा, दोन म्हणजे रातवा पक्षी, तीन म्हणजे भेकर, आणि मूठ दाबली म्हणजे काय तें ठाऊक नाहीं. मग त्या रात्रीं आम्हीं रान तळहातावर ऐकलें. रातवा पुष्कळ बोलला. सांबराचा इशारा आधीं वरच्या अंगाला झाला, मग ओढ्याच्या काठाकाठानें जवळ येत गेला; एक टिचकी, थांबून एक, मग लागोपाठ दोन एकेऱ्या. सोबती डोळे मिटून बसला होता आणि त्याचें बोट त्या आवाजाबरोबर हळूहळू सरकत होतें. कोणी तरी मोठें जनावर आमच्या समोरून, झाडीच्या आडून, खालच्या अंगाला गेलें. पाण्यावर तें आलें नाहीं. मग नातीनें मूठ दाबली आणि पुष्कळ वेळ सोडली नाहीं. वाघ पाहिला का असें जे विचारतात त्यांना आम्ही नाहीं म्हणून सांगतों.

पहांटे तीनला पांच गवे आले, त्यांत एक वासरूं. त्यांची नोंद आम्हीं केली. उजाडल्यावर उतरतांना गुडघे अगदींच असहकारी झाले. सोबत्यानें पाऊल धरून एकेका पायरीवर टेकविलें. खालीं आल्यावर नातीनें तक्ता पाहिला. "पाहिलेलें सगळें तुमच्या अक्षरांत आहे, आजोबा," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानें, तोंडासमोर येऊन, "केव्हांपासून?" आम्हीं सांगितलें. घरीं मी सांगूं का तुम्ही सांगतां, असें तिनें विचारलें. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली. तिनें चार दिली.

मुदत संपण्यापूर्वींच कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलों. त्यांनीं एका बंद खोलींत बसवून कानांवर यंत्र चढविलें व आवाज आला कीं कळ दाबा म्हणून सांगितलें. वयाबरोबर उंच पट्टीचे ध्वनि आधीं जातात, त्यांत 'स', 'श' हे पहिले. लाज वाटण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं, असें ते म्हणाले. उशीर मात्र केलात, हेंहि म्हणाले. दोन्हीं कानांस हरभऱ्याएवढीं यंत्रें मिळालीं. पहिले कांहीं दिवस त्यांतून वर्तमानपत्राची घडीहि पत्रा वाजल्यासारखी ऐकूं येई.

तीं लावून घरीं आलों त्या दुपारीं आम्ही ओसरीवर बसलों होतों. आंत स्वयंपाकघरांत सूनबाई सौभाग्यवतीस सांगत होत्या कीं बाबांना ऐकूं येत नव्हतें, आम्हां कोणालाच कसें कळलें नाहीं. त्यावर सौभाग्यवतीचा आवाज आला, आणि त्यांतला प्रत्येक 'स' आम्हीं ऐकला: "मला मेलीला तीन वर्षांपासून ठाऊक आहे. सांगितलें असतें तर त्यांना वाईट वाटलें असतें. म्हणून तर भांडीं आपटीत होतें."

संध्याकाळीं जेवणाची वेळ झाली तेव्हां भांड्याचा आवाज झाला नाहीं. ती दारांत येऊन हळूच म्हणाली, "पानें वाढलीं आहेत." आम्ही पहिल्याच हांकेला उठलों.