पंधरा सेकंदांची चूक, अडीच मिनिटांची चूक

परवा इफ्तारला खजूर हातात घेऊन दोन तरुण वाद घालत बसले होते. एकाच्या मोबाइलवर वेळ झाली होती, दुसऱ्याच्या मोबाइलवर अजून चार मिनिटे बाकी होती. दोन्ही फोनची घड्याळे चोख होती. फरक ॲपमध्ये निवडलेल्या गावाचा होता. एकात इंदापूर होते, दुसऱ्यात पुणे. आमच्या पणदऱ्याची वेळ दोघांच्या मधोमध!

माझ्या मनगटावर अब्बांचे चावीचे एचएमटी ‘जनता’ होते. ते पाहून एकजण हसत म्हणाला, “सर, हे तर आणखीनच चुकत असेल.” चुकते, पण किती चुकते ते मला ठाऊक आहे. दिवसाला साधारण पंधरा सेकंद ते पुढे जाते.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. सरकारने 2016 मध्ये तो व्यवसाय बंद केला, तरी ती घड्याळे अजून चालतात. आत एक छोटे चाक सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे तासाला 18,000. दिवसाच्या 86,400 सेकंदांत पंधरा सेकंदांची चूक म्हणजे एक टक्क्याचा पन्नासावा भागसुद्धा नाही. स्वित्झर्लंडमध्ये तपासून प्रमाणपत्र मिळालेल्या महागड्या घड्याळांनाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढी सूट असते.

चूक का होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. त्या चाकाचा ठोका केसासारख्या बारीक स्प्रिंगवर चालतो. साधी पोलादी स्प्रिंग उन्हाळ्यात सैलावते आणि घड्याळ मागे पडते. त्यावर उपाय म्हणून खास मिश्रधातू शोधणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना 1920 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ घड्याळ ठेवले, तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि काटे भरभर पळतात. रात्री उताणे ठेवले की वेगळी चाल, उभे ठेवले की वेगळी. तेल वाळले की आणखी वेगळी. म्हणून चांगला कारागीर आधी विचारतो, “रोज किती फरक पडतो?” रोज सारखाच फरक असेल तर आतली बारीक दांडी किंचित सरकवून तो कमी करता येतो. आज पुढे, उद्या मागे असेल, तर घड्याळ उघडून साफ करावे लागते.

अब्बा रोज सकाळी चावी देत आणि सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्यांना काटे जुळवत. रमजानमध्ये हे अधिक काटेकोरपणे. ते सांगायचे, पुढे धावणारे घड्याळ सहरीला राखण करते, पण इफ्तारला दगा देते. दहा दिवस जुळवले नाही, तर पंधरा सेकंदांची अडीच मिनिटे होतात.

आणि तेवढाच, म्हणजे सुमारे दोन ते अडीच मिनिटांचा फरक पुणे आणि पणदरे यांच्या सूर्यात आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात आणि पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी उगवतो, आधी मावळतो. पुण्याची वेळ पाहून इथे सहरी करणारा पहाट झाल्यावरही खात असतो. इंदापूरची वेळ पाहून रोजा सोडणारा सूर्य मावळण्याआधीच सोडतो. सोलापूरचे वेळापत्रक लावले, तर पाच-सहा मिनिटे आधी. दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्याच्या रोज्याचा प्रश्न आहे हा.

जुने घड्याळ कपाटात ठेवून मोबाइलच वापरावा, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मोबाइलची वेळ अधिक अचूक आहे, हे मान्यच. पण चावीचे घड्याळ आपली चूक लपवत नाही, ते रोज तपासायला लावते. मोबाइलवर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो आणि आपण कोणत्या गावात बसलो आहोत, हेच त्याला सांगायचे विसरतो.

त्या संध्याकाळी वाद अजानने मिटला. नंतर दोघांनी फोनमधले गाव बदलले. मी घरी येऊन घड्याळ पंधरा सेकंद मागे घेतले.