सुरपूरचा राजा कोणाचा?

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी आमच्या औरादेत झेंडावंदन होते. १९४८ साली याच दिवशी हैदराबादची निजामी राजवट शरण आली. सीमेपलीकडे उदगीर-देगलूरच्या आमच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन; आमच्याकडे तो कल्याण कर्नाटक उत्सव. दिवस एक, नावे दोन. सीमेवर राहणाऱ्यांस याची सवय होऊन जाते. परंतु या वेळी झेंडावंदनानंतर आम्ही दहावीच्या वर्गावर गेलो असता एका विद्यार्थ्याने जो प्रश्न विचारला, त्याची मात्र आम्हांस सवय नव्हती.

पाठ अठराशे सत्तावनचा होता. क्रमिक पुस्तकात सुरपूरच्या राजा वेंकटप्पा नायकाची हकीकत थोडक्यात दिलेली आहे. परीक्षेच्या दृष्टीने तिचे मोल फार नाही, म्हणून गेली अनेक वर्षे आम्हीही ती घाईघाईने उरकीत आलो, हे कबूल केले पाहिजे. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमचे आजोबा वासुदेव बळवंतांची गोष्ट सांगतात. ते आपले. मग हा राजा आपला का त्यांचा?”

आम्ही त्यास खाली बसावयास सांगितले. उत्तर उद्या देतो, म्हणालो. तीस वर्षे शिकविणाऱ्यास एक दिवसाची मुदत मागावी लागली, यातच सर्व आले.

वाचकहो, सुरपूर हे काही परमुलखातले गाव नव्हे. २०१० साली यादगीर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातच होते. तेथील बेरड नायकांचे जुने ठाणे वाकिनखेडा. हे नाव मराठ्यांच्या इतिहासात कोणास अपरिचित आहे? १७०५ साली वृद्ध औरंगजेब स्वतः त्या किल्ल्यावर चालून गेला, तेव्हा पिड्या नायकाच्या मदतीस धनाजी जाधव धावून गेले होते. बेरडांची भाषा कानडी, धनाजींची मराठी. तोफांपुढे तो भेद कोणास आठवला नाही.

त्याच घराण्यातील वेंकटप्पा लहानपणीच पितृछत्रास मुकला. संस्थानाचा कारभार पाहण्यास फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी आला. राजा त्याला ‘अप्पा’ म्हणे. कानडीत अप्पा म्हणजे बाप. मराठी घरातही हा शब्द वडीलधाऱ्यांसाठीच असतो. टेलरनेही मुलावर माया केली. त्याने टेकडीवर बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ या नावाने आजही सुरपुरात उभा आहे. १८५३ साली राज्य तरुण राजाच्या हाती सोपवून टेलर तेथून निघाला.

पुढे चारच वर्षांत सारा देश पेटला. जुलै १८५७ मध्ये तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हैदराबादेत रेसिडेन्सीवर हल्ला चढविला. नोव्हेंबरात हत्यारे काढून घेण्याच्या कायद्याविरुद्ध मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड उठले. सुरपुरातही अरब व रोहिले जमू लागले. कंपनी सरकारास संशय आला. फौज पाठविण्यात आली. फेब्रुवारी १८५८ मध्ये एका रात्री बेरडांनी छावणीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत कॅप्टन न्यूबेरी पडला. परंतु अधिक पलटणी येत आहेत असे कळताच राजा हैदराबादेकडे निसटला. तेथे सालारजंगाच्या माणसांनी त्यास पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले.

खरी कसोटी येथून पुढे आहे. वय अवघे तेवीस-चोवीस. टेलर तुरुंगात भेटावयास गेला. चिथावणी देणाऱ्यांची नावे सांगितली तर शिक्षा सौम्य होईल, अशी आशा होती. ज्याला अप्पा म्हटले त्याच्याच तोंडून ती वाट दाखविली जात होती. राजाने नावे सांगितली नाहीत. फाशी नको, हवे तर तोफेच्या तोंडी द्या, एवढेच त्याचे मागणे होते. ही हकीकत स्वतः टेलरच्याच आत्मचरित्रात आहे. ते १८७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मृत्युदंड बदलून जन्मठेप, आणि जन्मठेप बदलून चिंगलपेटच्या किल्ल्यात चार वर्षांची कैद झाली. वागणूक नीट राहिली तर पुढे राज्यही परत मिळणार होते. पण हैदराबाद सोडल्यावर वाटेतच, बरोबरच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने राजाने स्वतःचा अंत करून घेतला, असे टेलर लिहितो. १८६०च्या तहाने सुरपूर निजामास बहाल करण्यात आले. ज्याने राजास पकडून दिले, त्याच्याच ओंजळीत राज्य पडले.

आता वासुदेव बळवंतांकडे वळू. शिरढोणचा हा मराठी तरुण पुण्याच्या परिसरात बंड करून शेवटी कोठे आला? आमच्याच मुलखात, गाणगापुरी, श्रीदत्ताच्या पायाशी. तेथून नवे बळ उभारण्याची त्यांची खटपट चालली होती. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी या कानडी गावी ते तापाने ग्लानीत असताना पकडले गेले. पकडणाऱ्यांत मेजर डॅनियलबरोबर निजामाचा अधिकारी अब्दुल हक होता. एडनच्या तुरुंगात १८८३ साली त्यांनी देह ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर नकाशा काढला. सुरपूर, गाणगापूर, देवर नावदगी ही तीन गावे दाखविली. मग त्या मुलास पुढे बोलावून म्हटले, “यांतून आपले आणि त्यांचे अशी रेघ ओढून दाखव.”

त्याने खडू हातात घेतला. बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, तेव्हा रेघ कुठे होती?”

आमचे उत्तर त्याने दिले होते. राज्यांच्या सीमा १९५६ साली आखल्या गेल्या. त्यांविषयी आमच्या पिढीच्या मनात सल आहे, आणि मातृभाषेची शाळा टिकावी ही तळमळ आमच्या श्वासाइतकी खरी आहे. परंतु तो सल मुलांच्या दप्तरात घालून त्यांस अर्ध्या इतिहासाचे वारस करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्या मातीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तिच्यासाठी मेलेला माणूस कोणत्या भाषेत बोलत होता, हे विचारून मगच नमस्कार करावयाचा काय?

वाचकांनी आपल्या घरी मुलांस वासुदेव बळवंत अवश्य सांगावे. त्याच बैठकीत, नाव न सांगता गेलेला तो चोवीस वर्षांचा राजाही सांगावा. आमच्या शाळेत यापुढे तो पाठ घाईने उरकला जाणार नाही.