ओढा बाटलीत मावत नाही

दिवाळीत गावी गेलो होतो. आमच्या बांधाला लागून वाहणाऱ्या ओढ्याचं गेल्या उन्हाळ्यात 'खोलीकरण-रुंदीकरण' झालं. महिनाभर पोकलेन चालला होता म्हणे. आता तिथे एक सरळसोट चर आहे. दोन्ही बाजूंना मुरमाचे ढीग, आणि काठावरची करंज, उंबर गायब. ज्या दगडांखाली आम्ही लहानपणी खेकडे शोधायचो, त्यातला एकही दगड शिल्लक नाही.

गंमत पुढेच आहे. पाण्याचा नमुना तपासायला दिला होता, त्याचा अहवाल चक्क उत्तम! सामू ठीक, विरघळलेला ऑक्सिजन ठीक, बीओडी मर्यादेत. म्हणजे कागदोपत्री ओढ्याला काहीही झालेलं नाही.

माझं भांडण या कागदाशी आहे.

आपल्याकडे नदी-ओढ्याची तब्येत म्हणजे बाटलीतलं पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषित नदीपट्टे ठरवतं ते बीओडीवरून. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. २०२२ च्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रातले. सांडपाणी पकडायला हा आकडा हवाच. पण तळाचं, काठाचं, सावलीचं काय झालं हे बाटलीला कसं कळणार?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पायी उतरता येईल अशा उथळ ओढ्यांसाठी एक तक्ता केला आहे. पद्धत १९८९ ची, १९९९ मध्ये सुधारलेली. दहा मुद्दे, प्रत्येकी २० गुण, एकूण २००. दगडगोटे गाळात किती रुतलेत? खळाळ किती अंतराने येतात? उथळ, खोल, संथ, वेगवान असे सगळे प्रवाह आहेत का? पात्र सरळ केलंय का? काठ ढासळतोय का? काठावर झाडोरा किती रुंद आहे? याला महागडं यंत्र लागत नाही. गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी आणि थोडी शिकलेली नजर पुरते.

हे का मोजायचं? दगडांच्या सांदीत पाणकिड्यांच्या अळ्या राहतात, त्यांच्यावर मासे जगतात. सांदी गाळाने बुजल्या की पाणी कितीही स्वच्छ असो, राहायला घरच नाही. तळातल्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत आपल्या मंडळाकडेही आहे. पण किडे कमी सापडले तर दोष पाण्याचा की घराचा, हे तळाची नोंद नसेल तर सांगणार कसं? आणि सावली गेली की पाणी तापतं. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणजे आज तोडलेला उंबर उद्या बाटलीतही दिसणार.

"गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला किड्यांचं पडलंय!" हे मी घरातच ऐकलं. खोटं नाही ते. आमचीही विहीर एप्रिलात तळ गाठायची. २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं तेही याच तहानेपोटी. तलावातला गाळ जरूर काढा. पण वाहता ओढा खणायचाच असेल तर आधी एकदा आणि नंतर एकदा हा तक्ता भरा. समजा ओढा १५० वरून ६० वर आला, तर ते गावाला कळू तर द्या. सौदा परवडला का, हे मग गावच ठरवेल.

अमेरिकेचा तक्ता जसाच्या तसा नको, हेही खरं. आपले कितीतरी ओढे उन्हाळ्यात आटतात. तेव्हा पावसाळा सरल्यावर, ओढा वाहता असताना भरावा, आणि तुलना त्याच भागातल्या, हात न लागलेल्या ओढ्याशी करावी. जवळच्या कॉलेजातली मुलंसुद्धा शिकवलं तर एका सकाळीत करतील.

असो. निघायच्या आदल्या दिवशी मीच चरात उतरलो आणि जमेल तसे गुण दिले. बेरीज चाळिशीच्याही आत. ती त्या उत्तम अहवालाच्या कोऱ्या बाजूला लिहून सरपंचांना देऊन आलो आहे. बघू काय म्हणतात.