काटकपणाचा पूर्वपक्ष

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी-ठाकूर मुलांविषयी असे म्हटले जाते की, हालअपेष्टांत वाढलेले मूल काटक होते आणि थोरपणी कशालाच डगमगत नाही. हे मत सद्भावनेने मांडले जात असले, तरी ते ग्राह्य नाही. कारण काटक दिसतात ते तगलेले, आणि जे अकाली खंगले त्यांची मोजदाद या मतात नाही.

अल्पकाळाचा ताण, जवळचे माणूस धीर द्यायला असल्यास, मुलाला घडवतो; परंतु तो महिनोन्महिने सरला नाही, तर कॉर्टिसॉल या संकटकाळी स्रवणाऱ्या संप्रेरकाचा तोल ढळतो आणि रक्तदाब, साखर व प्रतिकारशक्ती यांची घडी हळूहळू विसकटते. असा न सरणारा ताण या मुलांच्या वाट्याला येतो: पावसाळ्यात भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब कच्च्या विटांच्या भोंग्यात, म्हणजे खोपटात, बिऱ्हाड मांडते. आईबाप पहाटेच्या अंधारात थापणीला लागतात, आणि सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन अर्धवट सुकलेल्या विटा उलटत फिरते. ज्याने तिला धीर द्यायचा, तो बापच उचलीच्या हिशेबापुढे धास्तावलेला असतो.

संशोधक फेलिटी व अँडा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील साडेनऊ हजारांवर प्रौढांच्या माहितीवरून दाखवले की, बालपणी चार वा अधिक प्रकारच्या आपत्ती सोसलेल्यांत हृदयविकार, कर्करोग व फुफ्फुसाचे जुनाट विकार अधिक आढळतात. ही माहिती परक्या शहरातली आणि आठवणींवर बेतलेली आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या अभ्यासात वजनाने हलक्या अर्भकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे, म्हणजे पुढील मधुमेहाची वाट गर्भातच आखली जात असावी, असे दिसले. तो अभ्यास पोषणाचा आहे, ताणाचा नव्हे. पण भट्टीवर उपासमार आणि भीती एकाच भोंग्यात नांदतात.

झाली हानी भरून येत नाही, हे दुसरे मतही टिकत नाही. रुमानियातील बुखारेस्टच्या अनाथालयांतील जी मुले दोन वर्षांची होण्याआधी प्रेमळ कुटुंबांत गेली, त्यांची ताणाला तोंड देणारी शरीरयंत्रणा बरीच सावरली. म्हणूनच आईबाप भट्टीवर गेलेल्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह त्यांची शाळा वाचवत असले, तरी कुटुंबाची ऊब लागणाऱ्या तान्ह्यांसाठी तो उपाय नव्हे. त्यांना आईसकट पाड्यावरच राहता आले पाहिजे. त्यासाठी महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने हमी दिलेले काम भातकापणी आटोपताच गावात निघावे, मजुरी वेळेवर हाती पडावी, आणि पावसाळ्यातील खावटी, म्हणजे पोटापुरती सरकारी मदत, उचल घेण्याची वेळ येण्याआधी घरात पोहोचावी.